सर्व्हिस जोरात, पण पोचली कुठे?

विम्बल्डन सुरू झालं की ऑफिसच्या कँटीनमधल्या टीव्हीसमोर अचानक एक्स्पर्ट मंडळींची गर्दी होते. एरवी ज्यांना ड्यूस आणि डबल फॉल्टमधला फरक माहीत नसतो, तेही हातात कटिंग घेऊन उभे! आणि सगळ्यांची नजर एकाच गोष्टीवर असते : स्क्रीनच्या कोपऱ्यात झळकणारा सर्व्हिसच्या स्पीडचा आकडा. २१० आला की "आई शप्पथ!" २२० आला की शिट्टी. १७५ आला की "दमला वाटतं बिचारा." पॉइंट कोणी घेतला, असं विचाराल तर निम्म्या लोकांना सांगता येणार नाही.

दोष त्यांचा नाही हो. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं. २००३ च्या वर्ल्ड कपमध्ये शोएब अख्तरनं ताशी १६१.३ किलोमीटरनं टाकलेला बॉल आपल्याला दशांश चिन्हासकट पाठ आहे. पण त्या बॉलवर विकेट पडली नव्हती, हे कितीजणांना आठवतं?

तर आजचा विषय हाच. एखादी सर्व्हिस चांगली आहे, हे ओळखायचं कसं? टीव्हीवरची नव्हे फक्त, तुमच्या सोसायटीच्या किंवा क्लबच्या कोर्टवरची, तुमच्या पार्टनरची, आणि हिंमत असेल तर स्वतःचीसुद्धा.

आधी दोन आकडे ऐका. २०२५ च्या विम्बल्डनमध्ये, पहिल्याच राउंडला, फ्रान्सच्या जिओव्हानी एम्पेत्शी पेरिकार या सहा फूट आठ इंची गड्यानं ताशी २४६ किलोमीटरची सर्व्हिस मारली. विम्बल्डनच्या इतिहासातली सगळ्यात वेगवान! समोर अमेरिकेचा टेलर फ्रिट्झ. फ्रिट्झनं ती परत केली. नुसती परत केली नाही, पॉइंटही घेतला. आणि दोन सेट मागे असूनही पुढे पाच सेटमध्ये मॅचही घेतली.

दुसरा आकडा त्याहून भारी. २०१२ साली दक्षिण कोरियातल्या बुसानच्या स्पर्धेत ऑस्ट्रेलियाच्या सॅम ग्रोथनं ताशी २६३ किलोमीटरची सर्व्हिस मारली. पुरुषांच्या टूरच्या अधिकृत नोंदीत तो आकडा धरत नाहीत, तिथं जॉन इस्नरचा २०१६ मधला २५३ चा आकडा आहे. पण ग्रोथच्या २६३ पेक्षा मोठा आकडा आजवर कोणाच्या नावावर लागलेला नाही. आणि ती मॅच? ग्रोथ सरळ दोन सेटमध्ये हरला.

काय, डोकं खाजवताय ना? थांबा, फंडा सोपा आहे.

सीटीसी आणि इन-हँड

स्क्रीनवर दिसणारा आकडा म्हणजे सर्व्हिसचा सीटीसी. ऑफर लेटरवर लिहिलेला, नातेवाइकांना सांगायचा. समोरच्याच्या रॅकेटपर्यंत जो पोचतो तो इन-हँड. आणि मधलं कटिंग तुमच्या पगारापेक्षा जास्त असतं, म्हणजे बघा!

रडार किंवा कॅमेरे स्पीड मोजतात तो चेंडू रॅकेटवरून सुटल्या सुटल्या. टेनिसचा चेंडू केसाळ, हलका. हवा त्याला लगेच मागे खेचायला लागते. टप्पा पडेपर्यंत बराच वेग गेलेला असतो. टप्प्यावर जमीन आपला टॅक्स कापते. क्ले कोर्टवर जास्त, गवतावर कमी. मग पुन्हा हवा. रिसीव्हरच्या रॅकेटवर येईपर्यंत मूळ वेगाच्या जवळपास निम्माच शिल्लक असतो. म्हणजे २०० ची सर्व्हिस हातात येते शंभरच्या आसपास.

ती पोचायला वेळ लागतो अर्ध्या सेकंदाच्या आसपास. त्यातला साधारण पाचवा भाग सेकंद नुसता 'अरे, आला!' हे मेंदूला कळण्यात जातो. म्हणजे रिसीव्हर आकड्याशी खेळतच नाही. तो खेळतो उरलेल्या वेळेशी. त्याचा वेळ कमी करायचे रस्ते अनेक आहेत. जोर हा त्यातला फक्त एक.

हे सगळं मला अचानक का सुचतंय? कारण या हिवाळ्यात आमच्या ऑफिसची टीम इंटर-कंपनी स्पर्धेत उतरली आणि कोणीच तयार नसल्यामुळे कॅप्टनची माळ माझ्या गळ्यात पडली. डबल्सच्या दुसऱ्या जोडीत एक जागा रिकामी. दावेदार दोन. नावं घेत नाही, ऑफिसात बसायचंय मला. एकाला तोफ म्हणू. सेल्समधला, सत्तावीस वर्षांचा, सहा फूट, मोबाइलच्या अ‍ॅपवर १८२ चा स्क्रीनशॉट, तोच व्हॉट्सअ‍ॅपचा डीपी. दुसरे अकाउंट्सचे काका. बावन्न वर्षांचे, पोट थोडं सुटलेलं, कोर्टवर येताना थर्मासमधून चहा आणणारे. त्यांना पोस्टमन म्हणू. का, ते कळेल पुढे.

जोर कसा ओळखायचा?

तोफेची सर्व्हिस बघायला लोक थांबायचे. ठॉक! असा आवाज की शेजारच्या कोर्टवरचे वळून बघणार. पण आवाज म्हणजे जोर नव्हे. सपाट बसलेला चेंडू मोठ्यानं वाजतो, घासून मारलेला कमी वाजतो, एवढंच. मीटिंगमध्ये जो सगळ्यात मोठ्यानं बोलतो त्याचंच काम सगळ्यात जास्त असतं का? बघा आठवून.

अ‍ॅप, रडार काही नसताना जोर मोजायची एक जुनी पद्धत आहे : दुसरा टप्पा बघा. पहिला टप्पा सर्व्हिस बॉक्समध्ये पडला, समोर कोणी नाही, तर दुसरा टप्पा कुठे पडतो? बेसलाइनच्या आत पडला तर सर्व्हिसमध्ये दम नाही. बेसलाइनच्या बराच मागे पडला तर बरी. पडायच्या आधीच मागच्या जाळीवर आदळली, तर मान गए! आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाची आयटीएन नावाची लेव्हल ठरवायची चाचणी आहे. त्यातही फटक्याच्या जोराचे गुण दुसऱ्या टप्प्यावरूनच देतात. कारण दुसरा टप्पा खोटं बोलत नाही. हवेनं खाल्लं, जमिनीनं खाल्लं, त्यानंतर उरलं किती, ते तो दाखवतो. इन-हँड!

मी एका रविवारी दोघांच्या दुसऱ्या टप्प्यांवर लक्ष ठेवलं. तोफेच्या ज्या सर्व्हिस आत पडल्या त्या जाळीवर धडकत होत्या, वादच नाही. काकांच्या बेसलाइनच्या दोन पावलं मागे पडत होत्या. म्हणजे जोराच्या पेपरात तोफ डिस्टिंक्शन, काका पास क्लास. पण 'ज्या आत पडल्या त्या' हे शब्द लक्षात ठेवा. पुढे कामाला येतील.

साडेआठ फुटांचं गणित

आता फिरकी. इथं शाळेतलं समरूप त्रिकोणांचं गणित काढतो, टेन्शन घेऊ नका, दोन ओळींत संपेल.

बेसलाइनपासून पलीकडच्या सर्व्हिस लाइनपर्यंत अंतर ६० फूट. नेट त्या लाइनच्या २१ फूट अलीकडे आणि मधोमध ३ फूट उंच. चेंडू अगदी सरळ रेषेत मारायचा, नेटला घासून लाइनवर पाडायचा, तर रॅकेटला लागताना तो किती उंचीवर हवा? ३ भागिले २१, गुणिले ६०. उत्तर : साधारण साडेआठ फूट. आणि ५ फूट ८ इंचाच्या माणसाचा हात, रॅकेट, सगळं ताणून फटका बसतो तो साधारण तेवढ्याच उंचीवर. म्हणजे आपल्यासारख्याला सरळ सपाट सर्व्हिस मारायची असेल, तर एका इंचाचीही सूट नाही. वर गेली की बाहेर, खाली आली की नेटमध्ये. गुरुत्वाकर्षण थोडी मदत करतं खरं, पण सर्व्हिस जितकी जोरात, तितका त्याला मदत करायला वेळ कमी!

इस्नर सहा फूट दहा, इव्हो कार्लोविच सहा फूट अकरा. त्यांना हे गणित वेगळं लागू पडतं. ते वरून खाली मारतात, आपण खालून आत घुसवतो. त्यांची नक्कल करायची तर आधी स्टूल आणावं लागेल.

इथं फिरकी धावून येते. चेंडूला वरच्या बाजूनं पुढे फिरवत मारलं, की हवा त्याला खाली दाबते. मग तो नेटच्या दोन-तीन फूट वरून निवांत जाऊनही बॉक्समध्ये येऊन पडतो. व्यावसायिक खेळाडूंच्या सेकंड सर्व्हिसवर चेंडू मिनिटाला तीन हजारांहून जास्त गिरक्या घेतो. तुमच्या गाडीचं इंजिन हायवेवर जवळपास तेवढंच फिरत असतं!

आणि एक गोष्ट कोणीच सांगत नाही. रॅकेटचा वेग तोच ठेवून सपाट मारलंत तर सगळा पैसा एकाच खात्यात, स्पीडमध्ये. घासून मारलंत तर तोच पैसा दोन खात्यांत, थोडा स्पीडमध्ये, थोडा फिरकीत. म्हणून स्क्रीनवर १६० दिसलं म्हणजे खेळाडूनं हात हलका सोडला, असं समजू नका. बाकीचा पैसा दुसऱ्या खात्यात आहे, तुम्हाला स्टेटमेंट दिसत नाहीये एवढंच.

मग फिरकी डोळ्यांनी कशी मोजायची? टप्प्यानंतर बघा. उजव्या हाताच्या खेळाडूची स्लाइस रिसीव्हरच्या उजवीकडे वळत जाते आणि टप्पा पडल्यावर खाली राहते, गुडघ्याच्या आसपास. किक सर्व्हिस उलट. टप्प्यानंतर ती रिसीव्हरच्या डावीकडे, म्हणजे उजव्या हाताच्या माणसाच्या बॅकहँडकडे, उसळते. खांद्यापर्यंत आली तर खरी किक. कमरेत आली तर ती नुसतीच भित्री सर्व्हिस, तिला किक म्हणू नका. मागच्या जाळीवरही खूण मिळते : सपाट सर्व्हिस खाली आदळते, किक वर. आणि कान लावा. सपाट फटक्याला 'ठॉक', फिरकीला घासल्याचा 'खर्र'. चेंडूवर मार्करनं एक जाड पट्टा ओढून सर्व्हिस करा, मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये बघा. गिरकी कोणत्या दिशेला आहे ते साफ दिसतं.

काकांची स्लाइस गुडघ्याच्या वर येतच नव्हती. तोफेची सेकंड सर्व्हिस? तिच्यात फिरकी नव्हतीच. पहिली चुकली की तोच सपाट फटका, निम्म्या जोरानं. मधोमध, कमरेच्या उंचीवर, 'या, मारा मला' असं म्हणत येणारी.

पत्ता आणि पाकीट

काकांना पोस्टमन का म्हणायचं, ते आता सांगतो. सर्व्हिस बॉक्समध्ये तीन पत्ते असतात. मधली रेघ, म्हणजे 'टी'. बाहेरचा कोपरा. आणि तिसरा, सगळ्यात कमी वापरला जाणारा : समोरच्याचं पोट. 'टी'वर नेट सगळ्यात बुटकं, ३ फूट. बाजूच्या खांबाशी ते साडेतीन फूट असतं. कोपऱ्यात मारली की समोरचा कोर्टबाहेर ओढला जातो, मागे मैदान मोकळं. पोटावर मारली की त्याला हात कुठं न्यावा हेच कळत नाही. काका तिन्ही पत्त्यांवर पाकीट टाकतात. आणि पाकीट बंद असतं. टॉस दर वेळी त्याच जागी, अंगाची ठेवण तीच. चेंडू सुटेपर्यंत पत्ता वाचता येत नाही.

पत्ता आधीच फुटला तर काय होतं, त्याची एक भन्नाट गोष्ट आहे. बोरिस बेकरची सर्व्हिस म्हणजे त्या काळातली दहशत. आंद्रे अगासी त्याच्याशी पहिल्या तीन मॅच हरला. मग त्यानं बेकरच्या टेप बघून बघून एक गोष्ट हेरली. बेकर सर्व्हिस करायच्या आधी जीभ बाहेर काढायचा आणि जीभ ज्या बाजूला, सर्व्हिस त्या बाजूला! अगासीनंच हे पुढे, दोघं रिटायर झाल्यावर सांगितलं. पुढच्या अकरापैकी दहा मॅच अगासीनं जिंकल्या. बेकरच्या सर्व्हिसचा जोर तेवढाच होता, फिरकी तेवढीच होती. फक्त पाकीट उघडं होतं.

दुसरं टोक बघा. १९८९ ची फ्रेंच ओपन. सतरा वर्षांचा मायकेल चँग, समोर जगात अव्वल असलेल्या जमान्यातला इव्हान लेंडल, पाचवा सेट, चँगच्या पायात गोळे आलेले. त्यानं सरळ अंडरआर्म सर्व्हिस केली, लहान मुलं करतात तशी. लेंडल चक्रावला आणि पॉइंट चँगचा. मॅचही चँगची, आणि पुढे स्पर्धाही. आता त्या सर्व्हिसला स्पीडमध्ये किती मार्क देणार?

हिशेब मांडा बॉस

आता खरा मुद्दा, परिणाम. इथं मत चालत नाही, वही लागते. आणि वहीत एकच प्रश्न : शंभर वेळा सर्व्हिस केली तर पॉइंट किती मिळाले?

समजण्यासाठी गोल आकडे घेऊ. समजा एकाची पहिली सर्व्हिस शंभरातून ४० वेळा आत पडते, पण पडली की जबरदस्त, त्यातले ३२ पॉइंट त्याचे. उरलेल्या ६० वेळा सेकंड सर्व्हिस. ती कमजोर, वर डबल फॉल्ट, म्हणून त्यातले २१ च मिळतात. बेरीज ५३. दुसऱ्याची पहिली ७० वेळा आत पडते, साधीच, ४२ पॉइंट. उरलेल्या ३० सेकंड सर्व्हिसवर १५. बेरीज ५७. टाळ्या पहिल्याला, पॉइंट दुसऱ्याला.

चारच पॉइंटचा फरक, त्यात काय एवढं? तर ऐका. २०२४ मध्ये रॉजर फेडररनं अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात सांगितलं होतं, की आपण सिंगल्सच्या जवळपास ८० टक्के मॅच जिंकलो, पण पॉइंट जिंकले फक्त ५४ टक्के. टेनिसमध्ये शंभरात चार पॉइंट म्हणजे करिअर असतं!

आपल्या पुण्यातलंच बघा ना. बालेवाडीला २०१८ ते २०२३ या काळात महाराष्ट्र ओपन व्हायची. २०१८ च्या फायनलला सहा फूट आठ इंचांचा केव्हिन अँडरसन, समोर जिल सिमाँ, जो सर्व्हिससाठी नव्हे तर चेंडू परत करण्यासाठी ओळखला जायचा. सिमाँ सरळ दोन सेटमध्ये जिंकला. पुढच्याच वर्षी अँडरसन पुन्हा फायनलला, समोर एकोणचाळीस वर्षांचा कार्लोविच. दोघंही तोफा. तिन्ही सेट टायब्रेकमध्ये गेले आणि अँडरसन जिंकला. दोन्हीकडे तोफा असल्या की तोफ हा फायदा राहतच नाही, दोन-चार पॉइंटांवर सगळं ठरतं.

आणि आपला रमेश कृष्णन. त्याच्या सर्व्हिसला लोक प्रेमानं हसायचे, इतकी मऊ. पण १९८९ च्या ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये त्यानं जगात पहिल्या नंबरवर असलेल्या मॅट्स विलँडरला सरळ सेटमध्ये घरी पाठवलं. मऊ सर्व्हिस चांगली असते, असं मी म्हणत नाहीये. सर्व्हिसनंतर पुढचा फटका कोणाच्या मनासारखा येतो, ते बघा, एवढंच म्हणतोय. सर्व्हिसचं काम तेच आहे. थेट पॉइंट मिळाला, पेपरवाल्यांच्या भाषेत बिनतोड सर्व्हिस झाली, तर बोनस समजा.

मग टीमचं काय झालं?

तीन रविवार मी वही घेऊन बसलो. तोफेच्या पहिल्या सर्व्हिस निम्म्याहून जास्त बाहेर. डबल फॉल्ट प्रत्येक गेमला एखादा तरी. डबल्समध्ये डबल फॉल्ट म्हणजे नेटवर उभ्या असलेल्या पार्टनरला फुकट उभं करणं. काकांनी तीन रविवारांत एकही एस मारला नाही, पण समोरच्याचे रिटर्न उंच, आखूड, पार्टनरच्या रॅकेटवर आयते. मी काकांचं नाव दिलं.

तोफ जाम भडकला. "तू मला ड्रॉप करतोयस? काकांची सर्व्हिस बघितलीस का? माझी आजीपण परत करेल ती!"

"मग तू करून दाखव की," मी म्हटलं. "वीस सर्व्हिस. लगेच."

काकांनी थर्मासचं झाकण लावलं आणि शांतपणे बेसलाइनवर गेले. पहिली स्लाइस कोपऱ्यात. तोफेनं पूर्ण ताकदीनं हाणली, गेली शेजारच्या कोर्टवर. दुसरी पोटावर. तिसरी 'टी'वर. परत करत होता तो, नाही असं नाही. पण वीसपैकी जोरकस, मनासारखा रिटर्न हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच. शेवटी शेवटी तर तो दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. रिसीव्हर कुठं उभा आहे, हेसुद्धा सर्व्हिसचं मार्कशीट असतं मंडळी. तो पुढे सरकत असेल तर तुमच्या सर्व्हिसची त्याला भीती नाही. मागे किंवा बाजूला सरकत असेल, तर ती त्याला चावतेय.

खेळून झाल्यावर काकाच त्याच्याजवळ गेले. "खांदा दुखतोय ना तुझा? मघापासून बघतोय, टॉस करताना तोंड वाकडं होतंय."

तोफ गप्प. मग म्हणाला, "दोन महिने झाले काका. स्प्रे मारून खेळतोय."

"कशासाठी रे?"

"१९० करायचे होते."

त्या एका वाक्यानं मी खरंच गार पडलो. प्रो लोकांच्या मागे फिजिओ असतो, ट्रेनर असतो. आपण आठवडाभर खुर्चीत वाकून लॅपटॉप बडवतो आणि रविवारी सकाळी साडेसहाला, वॉर्मअप न करता, खांद्याकडून इस्नरचं काम मागतो. तेही कुठल्या बक्षिसासाठी नाही, एका स्क्रीनशॉटसाठी! खांदा गेला तर टेनिस राहू द्या, लोकलमध्ये वरची कडी धरताना आठवण येते.

तो फिजिओकडे गेला. सहा आठवडे सर्व्हिस बंद. काकांची जोडी आमच्यासाठी खेळली, सेमीफायनलला आम्ही हरलो. समोरची टीम सरळ सरळ भारी होती, काकांची सर्व्हिस त्यांनीही दोनदा भेदली. पण डबल फॉल्टवर आम्ही एकही गेम फुकट दिला नाही. आता फिजिओनं हिरवा कंदील दाखवल्यावर तोफ शनिवारी काकांकडून किक शिकतोय. पहिल्या दिवशी सगळे चेंडू मागच्या झाडीत गेले. हळूहळू येईल. उंची आहे, हात मोकळा आहे. त्याला फिरकी आणि पत्ता जमला, तर पुढच्या वर्षी काकांची जागा धोक्यात, हे काकांनाही माहीत आहे. तरी शिकवतायत.

रविवारी करून बघा

जोर : समोर कोणी नसताना दहा सर्व्हिस मारा, दुसरा टप्पा कुठे पडतो ते मित्राला बघायला सांगा.

फिरकी : टप्प्यानंतर चेंडू गुडघ्यात, कमरेत की खांद्यात? कमरेत येत असेल तर फिरकीवर काम करा.

पत्ता : तिन्ही जागी एकेक रिकामा चेंडूंचा डबा ठेवा. मारायच्या आधी मनात पत्ता ठरवा. डबा पडला नाही तरी चालेल, जवळ जायला हवं.

पाकीट : पार्टनरला सांगा, चेंडू लागायच्या आधी ओरड, कुठे येणार ते. तो दहापैकी सात वेळा बरोबर निघाला, तर तुमचा टॉस चुगली करतोय.

परिणाम : एका सेटभर वही. पहिली किती आत, सेकंडवर किती पॉइंट, डबल फॉल्ट किती. आणि सगळ्यात आधी बघायची ती सेकंड सर्व्हिस. पहिली कोणीही मारतो. ३०-४० वर दुसरी मारताना माणूस कळतो.

आणि हो, खांदा दुखत असेल तर यातलं काहीही करू नका. आधी डॉक्टर, मग डबा.

पुढच्या वेळी कँटीनमध्ये २३० झळकलं की शिट्टी जरूर मारा, मीही मारतो. फक्त त्यानंतर दोन सेकंद थांबा आणि बघा, चेंडू परत आला का!